पिवळी थोरली

१

खड्डा सरळ होता. कडा तासलेल्या, माती एका बाजूला रचलेली, आत उतरायला पायरीसुद्धा ठेवलेली. आमचा मुकादम असाच खणतो. फक्त तो खड्डा चुकीच्या जागी होता. तिथे जमिनीखाली दुसरीच एक केबल गेली होती, जिवंत, कुठल्याही नकाशावर नसलेली. मुकादमाची पहार तिला लागली. माणूस वाचला, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

खणायची जागा आमच्या यंत्राने सांगितली होती. त्या यंत्रातल्या चिपा मी माझ्या हाताने सोल्डर केल्या होत्या, आणि त्या चिपांची मोजणी माझ्या नवऱ्याने केली होती. म्हणून त्या दुपारी वर्कशॉपातले सगळे डोळे आमच्या दोघांवर होते.

यंत्र काय करतं ते सांगते. जमिनीखालची विजेची केबल कुठेतरी फुटते. रस्ता सगळा उकरून कसा चालेल? आम्ही केबलच्या एका टोकाला निळी पेटी टांगतो, दुसऱ्या टोकाला पिवळी. केबलमध्ये झटका सोडला की फुटक्या जागी ठिणगी उडते आणि तिची लाट दोन्हीकडे पळते. कुठल्या पेटीला आधी पोचली, किती आधी पोचली, त्यावरून जागा कळते. पेट्या हे मुख्य यंत्राला सांगतात दोन तारांच्या सिरियल बसवरून, एकामागून एक निरोप धाडत, आणि प्रत्येक पेटीच्या तोंडाशी बसलेली असते निरोपाची ने-आण करणारी एक ट्रान्सीव्हर चिप.

गोम तिथे आहे. एकाच कंपनीच्या, एकाच पट्टीतल्या चिपा, तरी एक तुरतुरी निघते, दुसरी रेंगाळते. पुस्तकात त्याला स्क्यू म्हणतात, आम्ही ‘मागेपुढे’ म्हणतो. पापणी लवायच्या वेळाचे कोट्यवधी तुकडे केले तर त्यातले वीस-एक तुकडे, एवढाच तो फरक. पण जमिनीवर उतरला की तो एका आडव्या झोपलेल्या माणसाएवढा होतो. म्हणून आधी मोजायचा आणि मुख्य यंत्रात दुरुस्ती घालायची.

साहेबांनी मुख्य यंत्र सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. दुरुस्तीच्या चौकटीत शून्य.

“मोजलंच नाही,” साहेब म्हणाले. “एका माणसाच्या आळसापायी दुसऱ्याचे हात गेले.”

साहेब म्हणजे आमचे कामकाज प्रमुख. मी कुणाला भीत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते: या माणसाने जन्मात कधी प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, हातात धरला नव्हता. भाषण मात्र झकास. कुणी ‘मला मदत भेटली’ म्हणालं की भर मीटिंगमध्ये थांबवून ‘मिळाली’ म्हणायला लावायचे. माणसं खाली मान घालून ‘मिळाली’ म्हणायची. मी कधी म्हटलं नाही.

“मी मोजलं,” नवरा म्हणाला. “मागच्या इमारतीतून फोन करून सांगितलं.”

“कुणाला?”

नवरा म्हणाला, “माहीत नाही. कुणीतरी ‘हं’ म्हणालं.”

मला तिथेच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आमच्याकडे आकडा तोंडी सांगतात, पण ऐकणाऱ्याने तो उलटून म्हणून दाखवायचा, ही पद्धत याच माणसाने घालून दिलेली. आणि ज्या दिवशी हवी होती त्याच दिवशी हा एका ‘हं’वर समाधान मानून बसला, कारण काय, तर खाली गाडीचा हॉर्न वाजत होता.

फोनजवळ असू शकणारी माणसं तीनच: प्रोग्रामर, स्टोअरवाले काका आणि स्वतः साहेब. तिघांनीही मान हलवली. आम्ही नाही.

वर्कशॉपच्या मालकीणबाई म्हणाल्या, “उद्या दुपारी पोलीस येणार आहेत. मला त्यांना एक नाव द्यावं लागेल.” आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझ्या बहिणीला बोलाव.”

२

माझी नणंद अपघात तपासते. कारखान्यात बॉयलर फुटला, जत्रेतला पाळणा कोसळला, की तिला बोलावतात. मोठ्या नोकरीत मोजमाप खात्याची प्रमुख होती. वरिष्ठाने एक आकडा ‘जरा गोल’ करायला सांगितला म्हणून त्याच्या टेबलावर किल्ल्या टाकून बाहेर पडली. हुशार आहे आणि तिला ते पुरतं ठाऊक आहे. मी तिला वन्सं म्हणते. आमचं सूत असं की एका खोलीत दोन पंखे लावले तरी हवा गरमच राहते.

साहेब ऐकून उसळले. “भावाची चौकशी बहीण करणार?”

मालकीणबाई म्हणाल्या, “तिनेच मागे माझ्या सख्ख्या जावयाला कामावरून काढायला लावलं होतं. मला चालेल.”

वन्सं संध्याकाळी घरी आल्या. पाठोपाठ साहेबही आले, हातात सफरचंदांची पिशवी. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “विसरलो म्हण. विसरणं गुन्हा नाही. मी सांभाळून घेईन.”

आमच्या जुळ्या पोरी दाराशी उभ्या होत्या. चेहरे एकच, ओळखायची खूण उंचीची. एक दुसरीहून बोटभर उंच. साहेबांनी उंच पोरीच्या हातात पिशवी दिली.

“घे, थोरली ना तू? बहिणीला पण दे.”

“मी धाकटी,” ती म्हणाली. “ही थोरली. ही आधी आली, मी मागून.”

“असं होय!” साहेब हसले. “मग मोठी धाकटी म्हणायची तुला.”

वन्सं कोपऱ्यात पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

साहेब गेल्यावर मी विचारलं, “काय वाटतं, वन्सं?”

“मला काही वाटत नसतं. मी मोजते.” मग भावाकडे वळल्या. “फोनवर नेमके कुठले शब्द बोललास?”

“‘पिवळी थोरली, फरक वीस.’ नेहमीचंच.”

हे ‘थोरली’ प्रकरण आमच्या घरातूनच वर्कशॉपात गेलं. पोरी झाल्या तेव्हा नवरा दवाखान्यातून थेट कामावर आला आणि स्कोपच्या पडद्यावर दोन चिपांच्या लाटा बघून म्हणाला, बघा, आमच्या घरासारखंच, दिसायला सारख्या, पण एक आधी आली. तेव्हापासून आधी उत्तर देणारी चिप ती थोरली, मागून येणारी ती धाकटी. मोजणीच्या बाकावरचं कुणीही हेच बोलतं.

“हे रंग आणखी कुणाला सांगितलेस? पिवळी, निळी?”

“कुणी विचारलंच नाही. ‘मोजलं’ म्हटलं की लोक ‘खोटं’ म्हणतात.”

“मग आता सांगू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “आणि तूसुद्धा तोंडाला जरा लगाम घाल.” हे मला. “कुणापुढे रंगाचं नाव काढायचं नाही.”

“आणि चूक यांचीच निघाली तर?”

वन्संनी माझ्याकडे सरळ बघितलं.

“तर उद्या दुपारी पोलिसांना हेच नाव मी स्वतः देईन.”

३

सकाळी आम्ही रस्त्यावर गेलो. पहिला खड्डा तसाच होता, दोर बांधलेला. त्याच्या पलीकडे, त्याच ओळीत, दुसरा छोटा खड्डा. खरी फुटकी जागा दुसऱ्या टोळीने कान लावून, ठोकून ठोकून शोधली होती. खाली केबल काळी पडून फाटलेली दिसत होती.

वन्संनी दोन्ही खड्ड्यांकडे बघितलं आणि भावाला म्हणाल्या, “झोप.”

“काय?”

“रस्त्यावर झोप. डोकं पहिल्या खड्ड्याच्या खुणेशी, पाय दुसऱ्याकडे.”

“अगं ताई, लोक बघतायत.”

“तुझ्या मोजणीने एका माणसाचे हात भाजलेत, आणि तुला लोकांची पडलीय? झोप.”

झोपला बिचारा, इस्त्रीच्या शर्टात. दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्या. एकीने विचारलं, “चक्कर आली का हो?” मी म्हटलं, “नाही, माप घेतोय.” “कशाचं?” “अकलेचं.”

त्याच्या टाचांशी वन्संनी खडूची रेघ मारली. “आता रेघेशी डोकं ठेवून परत झोप.” दुसऱ्यांदा झोपला तेव्हा त्याच्या टाचा दुसऱ्या खड्ड्यातल्या काळ्या जागेशी नेमक्या भिडल्या.

वन्संनी खडू पिशवीत टाकला. मग मला विचारलं, “फरक न घालता, म्हणजे शून्य ठेवून यंत्र चालवलं असतं, तर चूक केवढी झाली असती?”

“एक माणूस झोपेल एवढी. नेहमी तेवढीच होते.”

“आणि हा किती वेळा झोपला?”

“दोनदा,” मी म्हणाले. चुकीचा खड्डा दुप्पट अंतरावर पडला होता.

४

वर्कशॉपात वन्संनी आधी दोन्ही पेट्या मागवल्या. झाकणं उघडायच्या आधी मला पुढे ओढलं.

“हे लाखेचे थेंब कुणाचे?”

“माझे. प्रत्येक झाकणाच्या फटीवर एक. मी अंगठ्याच्या नखाने दाबते.” मी नख लावून दाखवलं. ठसा बसला, तडा कुठे नव्हता. झाकणांची अदलाबदल नाही, आत कुणाचा हात नाही.

“आणि सोल्डर?”

“माझंच. आरशासारखं. माझं काम मला दुरून ओळखू येतं, वन्सं, तुमच्या भावाच्या घोरण्यासारखं.”

“मग आता तू,” त्या म्हणाल्या. “फोन वाजला तेव्हा कुठे होतीस?”

मी चकित झाले. “माझ्यावर संशय?”

“तुझ्या हातात सोल्डरची गरम सळई असते आणि तोंडात त्याहून गरम. संशय सगळ्यांवर.”

“मी मागच्या इमारतीत यांच्याच शेजारच्या बाकावर होते. यांनी फोन लावलेला मी बघितला. तुम्ही मानू नका. बायको आहे ना.”

“नाहीच मानणार,” वन्सं म्हणाल्या. पण चिपा मोजायला बसताना प्रोब त्यांनी माझ्या हातात दिले. हा मान त्या कुणाला देत नाहीत.

मोजणी कशी होते, तेही सांगते, कारण ती आमची शान आहे. दोन्ही चिपांना एकाच क्षणी एकच टिचकी द्यायची. स्कोपवर दोन लाटा उठतात, एक डावीकडे आधी, एक उजवीकडे मागून. मधलं अंतर वाचायचं. पण प्रोबही साळसूद नसतात. एकाची तार लांब, एकाची आखूड, त्यांचं स्वतःचं मागेपुढे त्यात मिसळतं. म्हणून प्रोबांची अदलाबदल करून परत मोजायचं. एकदा प्रोबचा खोटेपणा मिळवला जातो, एकदा वजा होतो, आणि दोन्ही वाचनांचा मध्य काढला की उरतो तो निव्वळ चिपांचा. ही अदलाबदल नवऱ्याने कधीही चुकवलेली नाही. कुणी घाई केली तर म्हणतो, तुम्ही आरशात बघून भांग उजवीकडे पाडता का?

पहिलं वाचन वाकडं आलं. अदलाबदल केली. मध्य काढला. वीस. पिवळीची लाट आधी, निळीची मागे.

“चिपा बदललेल्या नाहीत,” वन्सं म्हणाल्या. “आता माणसं.” स्कोपवर त्या दोन लाटा तशाच ठेवल्या, कुठली कुठल्या पेटीची हे मात्र दिसू दिलं नाही.

आधी आली चष्मा, तिला आम्ही असंच म्हणतो. आमची प्रोग्रामर, वर्षभरापूर्वी आलेली, नाकावर टिच्चून बोलणारी. मुख्य यंत्रात आकडा घालायचं काम खरं तिचं.

“फोन वाजला तेव्हा?”

“गच्चीवर होते, आईशी बोलत. खाली रेंज नसते. परत आले तेव्हा गाडी निघून गेलेली. मला वाटलं आकडा कुणी घातला असेल.”

“वाटलं?”

“हो, वाटलं. चुकलं. पण चूक कबूल करते, पळत नाही.” मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “आणि सर, तुमची ही अदलाबदल मी प्रोग्राममध्ये आपोआप करून देते म्हणून कधीची सांगतेय. ऐकतं कोण?”

वन्सं डोळे चोळत म्हणाल्या, “बाई, मला नीट दिसत नाही. यातली थोरली कोणती गं?”

“ही काय,” चष्म्याने डावीकडच्या लाटेवर बोट ठेवलं. “आधी आलेली.”

मग स्टोअरवाले काका. गाडी तेच चालवतात, पेट्या तेच टांगतात. घाम पुसत आले.

“मी डिकीत पेट्या लावत होतो. मुकादम शेजारी बसून हॉर्न दाबत होता, विचारा त्याला. माझं एकच म्हणणं आहे, पेट्या मी उलट्या टांगलेल्या नाहीत.”

“ते मला माहीत आहे.”

“कसं काय?”

“उलट्या टांगल्या असत्या तर खड्डा रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला पडला असता. खोट निळ्या टोकाजवळ होती, खड्डाही तिथेच आहे. थोडा सरकलाय, एवढंच. काका, यातली थोरली कोणती?”

काकांनी डावी लाट दाखवली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

शेवटी साहेब. बसले नाहीत. “मी केबिनमध्ये होतो. दार उघडं होतं. फोन वाजला असता तर मला ऐकू आला असता. फोन आलाच नाही.”

“अपघातानंतर मुख्य यंत्र कुठे होतं?”

“माझ्या केबिनमध्ये. पण तिथे सगळेच येतात-जातात.”

“खरं आहे. साहेब, जाता जाता, यातली थोरली कोणती हो? डोळ्यांनी वैताग आणलाय.”

साहेबांनी उजवीकडच्या लाटेवर टिचकी मारली. “ही.”

मी तोंड उघडलं. वन्संनी टाच माझ्या पायावर ठेवली आणि दाबली.

५

दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. बाहेर पोलिसांची गाडी उभी राहिल्याचा आवाज आला. नवरा माझ्या शेजारी उभा होता, आणि त्याचे हात, जे प्रोब धरताना दगडासारखे स्थिर असतात, ते शर्टाचं एकच बटण लावत-काढत होते. मी धरले नाहीत. धरले असते तर लोकांना वाटलं असतं, चोरी पकडली गेली.

वन्सं उभ्या राहिल्या.

“मुख्य यंत्रात शून्य आहे. त्यावरून सगळ्यांनी धरलं की माझ्या भावाने मोजलं नाही. पण शून्य असतं तर खड्डा एक माणूसभर चुकला असता. तो दोन माणसं चुकलाय. सकाळी माझ्या भावाला रस्त्यावर झोपवून मी ते मोजलंय.”

“म्हणजे?” मालकीणबाई.

“म्हणजे झटका सोडला तेव्हा यंत्रात शून्य नव्हतं. वीस होतं, पण उलट्या पेटीवर. जी मागे राहते तिला सावरायच्या ऐवजी, जी आधी येते तिचाच उशीर धरला. चूक कमी व्हायची ती दुप्पट झाली. वीस हा आकडा कुणालातरी पोचला होता. फोन झाला होता. अपघातानंतर कुणीतरी तो आकडा पुसला, म्हणजे फोनच पुसला गेला.”

मी सगळ्यांकडे मान ताठ करून बघितलं. मग वन्सं पुढे म्हणाल्या,

“आता दोन वाटा. एक, ऐकणाऱ्याने उलटं समजून घेतलं. दुसरी, बोलणारा उलटं बोलला. म्हणजे माझा भाऊ.”

“वन्सं!” मी ओरडले.

“गप्प बस. आकड्याला नातं नसतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “पण मला पहिली वाट पटत नाही. मुख्य यंत्र एकच विचारतं, उशीर कोणाचा? आणि या वर्कशॉपात बोलतात थोरली-धाकटी. एवढा सोपा शब्द चुकायला ऐकणारा किती अडाणी असायला हवा? ज्याला साधी घरातली भाषा कळत नाही, अशा माणसाला इथे नोकरी कोण देईल? तेव्हा असं धरायला हरकत नाही की ऐकणारा—”

“अडाणी?” साहेब म्हणाले.

“अडाणी म्हटलं. फार तर अर्धवट.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं आमच्या तोंडातले शब्द दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या मर्मावर बोट पडलं होतं.

“भाषा मला शिकवू नका! थोरली म्हणजे मोठी! थोर, थोरवी, थोरला, सगळं मोठेपणाचं. जिचा उशीर मोठा ती थोरली, हे कुणीही सुशिक्षित माणूस समजेल. घरगुती बोली यंत्रात घुसवायची आणि वर दुसऱ्याला अडाणी म्हणायचं? ‘पिवळी थोरली’ म्हटल्यावर माणूस पिवळीलाच उशीर लावणार ना!”

बोलून झाल्यावर ते थांबले. त्यांना अजून कळलं नव्हतं. आम्हाला कळलं होतं.

वन्सं अगदी हळू बोलल्या. “पिवळी. हा रंग तुम्हाला कुणी सांगितला, साहेब?”

“तो... सगळ्यांनाच...”

“कुणालाच नाही. कालपासून तो शब्द आम्हा तिघांखेरीज कुणाच्या कानावर गेलेला नाही. मी मुद्दाम बंदी घातली होती. तो फक्त एकदा बाहेर बोलला गेला, त्या फोनवर, जो आलाच नाही.” मग भावाकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चिरकला. “आणि तो बरोबर बोलला गेला होता.”

साहेब खुर्चीत बसले. मग एकेक बाहेर आलं. एका कानाला मोबाइल होता, गिऱ्हाईक घाई करत होतं. दुसऱ्या कानाला वर्कशॉपचा फोन. ‘हं’ म्हटलं. चष्मा जागेवर नव्हती, गाडी थांबली होती, म्हणून आकडा स्वतःच घातला. अपघाताची बातमी आली तेव्हा उलगडलं, आणि स्क्रीनवर शून्य केलं.

“शून्य केल्यावर कुणाचंच नाव राहणार नाही असं वाटलं,” ते म्हणाले.

“माझं राहिलं ना,” नवरा म्हणाला.

शब्द न कळणं हा गुन्हा नव्हे. मला विचाराल तर त्याबद्दल मी त्यांना माफसुद्धा केलं असतं. बाकावर येऊन एकदा विचारलं असतं, थोरली म्हणजे कोण रे, तर आम्ही हसलो असतो आणि सांगितलं असतं. पण विचारायला मान वाकवावी लागते. ती वाकवायच्या ऐवजी ह्या माणसाने दुसऱ्याची मान दिली, आणि त्याच दिवशी सफरचंदं घेऊन आमच्या दारात आला. त्याची माफी नाही. मालकीणबाईंनी पोलिसांना दार उघडलं आणि नाव सांगितलं.

चष्म्याने नाक वर केलं. “आणि मदत आम्हाला ‘भेटली’,” ती म्हणाली. साहेबांनी दुरुस्ती केली नाही.

६

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, “ताई, थोरली-धाकटी आता बंद करतो. ‘पहिली-दुसरी’ म्हणू.”

“का?” वन्सं फणकारल्या. “शब्दाने काय घोडं मारलं? शब्द बरोबर होता, मोजणी बरोबर होती. चुकलं ते ‘हं’. ते बंद कर. आणि ‘हं’वर विश्वास ठेवणारा तू, तूही त्यात आहेस. ते मी मालकीणबाईंच्या कानावर घातलंय.”

“माझी तक्रार केलीस?”

“मग? भाऊ म्हणून गाळू?”

मला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा मी वन्संना स्वतःहून चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर कमी आहे.” पण सोल्डरबद्दल म्हणाल्या, “तुझे सांधे मी भिंगाखाली बघितले. एकही खोट नाही.” मी साखरेचा डबा त्यांच्यापुढे आपटला. कौतुकाने विरघळले, हे बघायचा आनंद मी वन्संना कधी देणार नाही.

काही आठवड्यांनी दुसऱ्या रस्त्यावर केबल फुटली. नवरा बाकावर बसला, दोनदा मोजलं, मध्य काढला. शेजारी चष्म्याचा नवा प्रोग्राम तोच आकडा दाखवत होता; दोघं एकमेकांकडे न बघता खूश होते. मग पेट्या रस्त्यावर आणून टांगल्या, आणि मी गाडीपाशी फोन धरून उभी राहिले, आवाज मोठा करून.

मुकादम आला होता. हातांवर अजून पट्ट्या, पहार धरायला बंदी. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, “खड्डा माझ्या टोळीचा आहे. मी बघायला तरी येणार.”

फोनमधून नवऱ्याचा आवाज आला. “निळी थोरली, पिवळी धाकटी. उशीर पिवळीचा. फरक अठरा.”

मी तोंड उघडायच्या आत मुकादमच बोलला, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “निळी थोरली, पिवळी धाकटी. उशीर पिवळीचा. फरक अठरा.” मग त्याच्या टोळीने म्हटलं. मग काकांनी. शेवटी मी.

“बरोबर,” नवरा म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजावरून कळलं की तो उभा राहिलाय.

आकडा यंत्रात गेला, झटका सोडला, आणि खडूची फुली पडली. मुकादमाच्या धाकट्या भावाने पहार उचलली, आणि क्षणभर घुटमळला. मुकादम त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला, पट्टी बांधलेला हात त्याच्या पाठीवर ठेवून. माती निघत गेली. कडा तासल्या गेल्या, पायरी ठेवली गेली. मग खालून काळी केबल दिसली आणि तिच्या अंगावर जळका, फाटका डाग. फुलीच्या बरोब्बर खाली. मी तळहात आडवा धरून बघितला. तळहाताएवढीही चूक नव्हती.

मुकादम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. त्याने पट्टीतून बाहेर आलेल्या बोटाने त्या डागाकडे खूण केली. मग माझ्याकडे मान वर करून म्हणाला,

“थोरलीने सांगितलं, धाकटीने कबूल केलं. आता कळवा त्यांना, खड्डा जागेवर आहे.”

मी फोन तोंडाशी धरला. “अहो, खड्डा जागेवर आहे.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग नवरा, हट्टी, शिस्तीचा, माझा नवरा, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला,

“खड्डा. जागेवर. आहे.”